रानात अनोळखी फूल भेटलं तर : बेळगाव-खानापूरकडच्या नवख्यांसाठी

माघ सरत आला की बेळगावहून जांबोटीकडे जाताना मैलामैलाला रान बदलत जातं. आधी शेताच्या बांधावर पळस पेटलेला दिसतो. पुढे काजूच्या मोहोराचा वास येतो. जांबोटी मागे टाकून कणकुंबीच्या वाटेला लागलं की पानगळीचं रान सरतं आणि सदाहरित झाडीचा गारवा अंगाला लागतो. याच वाटेवर एका ओढ्याच्या कडेला, काही वर्षांपूर्वी, मला कंबरेएवढं एक झुडूप दिसलं. शेंड्यांना तुरे आणि तुऱ्यांतून डोकावणारी गडद निळी फुलं. मी एक फूल तोडलं, वहीत ठेवलं आणि घरी आणलं. संध्याकाळपर्यंत निळाई उतरून तांबूस, चुरगळलेला कागदासारखा तुकडा उरला होता. ज्यांना ज्यांना दाखवला त्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, "पानं कशी होती?" मला सांगता येईना. मी पानांकडे पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. आधी झाड पुरतं वाचायचं, नाव सगळ्यात शेवटी विचारायचं. खाली जे लिहिलंय ते याच क्रमाने लिहिलंय, आणि ते निळं फूल वाटेत पुन्हा पुन्हा भेटेल.

हाच हंगाम का

आपल्याकडे रानफुलं म्हटलं की लोकांना श्रावण-भाद्रपद आठवतो. आंबोलीला, चोर्ल्याला तेव्हा गर्दी होते. पण शिकायला तो काळ अवघड. एका हातभर सड्यावर दहा-बारा जातींची इवली इवली फुलं असतात, वर पाऊस, वही भिजलेली, मोबाईल खिशात. माघ-फाल्गुनात रानात फुलणाऱ्या जाती मोजक्या असतात, पुष्कळशा झाडांची फुलं मोठी असतात आणि पानं गळाल्यामुळे दुरूनही दिसतात. शक्यता कमी म्हणजे चुकाही कमी. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगतो, सुरुवात शिमग्याच्या आधी कर.

पहिले काही दिवस रानात जायचीही गरज नाही. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली जुनी झाडं, राजहंसगडाचा उतार, खानापुरात मलप्रभेचा काठ एवढं पुरे. आठ-दहा ओळखीच्या झाडांची फुलं नीट सुटी करून पाहिलीत की मग अनोळखी फुलासमोर हात-पाय गळत नाहीत.

निघण्याआधी

भीमगड अभयारण्य खानापूर तालुक्यात आहे. २०११ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. त्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते आणि आत काहीही तोडणं हा गुन्हा आहे. हद्दीबाहेरही अस्वल आणि गवा यांचं हे रान आहे, त्यामुळे एकट्याने जाऊ नका, पहाटे आणि तिन्हीसांजेला झुडपात शिरू नका, गावात कुणाला तरी सांगून जा.

कपड्यांविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण नवखे इथेच हयगय करतात. जानेवारी ते मे हा माकडतापाचा हंगाम. हा आजार पहिल्यांदा १९५७ साली शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला. आपल्या शेजारच्या दोडामार्ग आणि गोव्याच्या सत्तरी भागातही त्याचे रुग्ण आढळलेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो. लांब बाह्यांचा सदरा घाला, पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंघोळ करा आणि काखा, कानामागची जागा, गुडघ्यामागची जागा तपासा. त्यानंतर आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

दुसरी गोष्ट खाजकुहिलीची. याच दिवसांत तिच्या शेंगा वाळतात आणि सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यानेसुद्धा उडते. मखमली शेंगांचा घोस दिसला तर वारा जिकडून येतोय त्या बाजूने वळसा घाला. बिब्ब्याच्या झाडाला ओरखडा काढू नका, चिकाने फोड येतात. आणि आगपेटी घरी ठेवा. वणव्याचे दिवस आहेत.

सामान थोडकंच : दहापट मोठं दाखवणारं भिंग, सहा इंची पट्टी, पेन्सिल, वही, मोबाईल. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि फुलाजवळ आपण जायचं. बहुतेक जण भिंग फुलाजवळ धरतात आणि दुरून पाहतात, मग काही दिसत नाही.

थांबा आणि आधी जागा पाहा

फूल दिसलं की हात पुढे जातो. तो मागे घ्या. आधी वहीत तारीख, जवळचं गाव आणि जागेचं वर्णन लिहा. ओढ्याकाठ आहे की कोरडा उतार, झाडाची सावली किती, माती तांबडी की काळी, आजूबाजूला कोणती झाडं. ऐन आणि किंजळाचं पानगळीचं रान आणि कणकुंबीकडचं अंजनी-जांभळाचं रान यांतली फुलं वेगळी असतात. पुढे दोन सारख्या जातींत अडलात तर जागेची ही ओळच निकाल लावते.

मग रस्त्याकडची ओळखीची परदेशी मंडळी आधी बाजूला काढा. नवख्यांची निम्मी "अनोळखी" रानफुलं यांतलीच निघतात. रानमोडी : पांढरट-जांभळट झुबके, पान चुरगळलं तर उग्र वास, पानाच्या बुडाजवळून त्रिशूळासारख्या निघालेल्या तीन शिरा. घाणेरी : एकाच गुच्छात पिवळी-केशरी-गुलाबी फुलं, खरखरीत पान, चौकोनी काटेरी फांदी. ओसाडी : गुडघाभर, निळसर-जांभळे गोंडे. तिन्ही अमेरिकेतून आलेल्या आणि आता शिवारभर पसरलेल्या. यांतली काही नसेल तर पुढे चला.

फूल कुणाचं आहे?

हा प्रश्न साधा वाटतो, पण इथे भलेभले फसतात. आंब्याच्या फांदीवर केशरी नळीसारखी फुलं दिसली तर ती आंब्याची नसतात, बांडगुळाची असतात. बांडगुळाची मुळं फांदीच्या लाकडात घुसतात आणि त्या जागी गाठ येते, ती शोधा. आसपास चिमुकला फुलटोचा पक्षी फिरत असेल तर ती आणखी एक खूण, बांडगुळाची फळं तो खातो आणि बिया फांद्यांवर चिकटवतो.

झाडावरची आमरी, म्हणजे ऑर्किड, वेगळी. ती फांदीवर राहते, पण झाडाचं काही घेत नाही. मुळं सालीला नुसती धरून असतात, टोकं हवेत लोंबतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आमरींची पानं गळून जातात आणि उघड्या कांड्यांवर नाजूक पांढरी फुलं येतात. सुकलेल्या काड्यांना फुलं आली असं वाटतं.

वेलींचंही तसंच. उंच झाडाच्या शेंड्यावर दिसणारा फुलोरा त्या झाडाला मिठी मारून बसलेल्या उक्षीचा असू शकतो. बुंध्यापासून नजर वर न्या आणि फूल ज्या फांदीवर आहे ती फांदी खरंच कुठून निघते ते शोधा.

आणि कधी कधी फुलाला झाडच नसतं! उन्हाने तापलेल्या जमिनीतून, पाचोळा बाजूला सारून, पान नाही, देठ नाही, थेट पांढरं-जांभळं फूल वर आलेलं. हा भुईचाफा. हळद-आल्याच्या घराण्यातला. त्याची पानं फुलानंतर, पाऊस आल्यावर येतात. त्या जागी खूण म्हणून दगड ठेवा आणि मृगानंतर पुन्हा जा.

पानं : इथे घाई करू नका

पहिला प्रश्न : पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? एका पेराच्या दोन्ही बाजूंना जोडीने पान असेल तर समोरासमोर. हा एक प्रश्न अर्धी घराणी बाद करतो. माझ्या निळ्या फुलाच्या झुडपाकडे मी पुढच्या वर्षी परत गेलो तेव्हा सर्वांत आधी हेच पाहिलं. जोडीजोडीने, वरची जोडी खालच्या जोडीच्या आडव्या दिशेला. पेरं जरा फुगीर.

दुसरा : पान एक आहे की पर्णिका? आपल्या भाषेत "पळसाला पाने तीनच" म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते एकच पान आहे आणि त्याच्या तीन पर्णिका आहेत. ओळखायचं कसं? देठ जिथे फांदीला भेटतो तिथल्या बगलेत डोळा, म्हणजे बारीक कोंब, असतो. पानाच्या बगलेत तो सापडतो, पर्णिकेच्या बगलेत कधीच नाही. पळसाच्या तीन पर्णिकांचा मिळून एक देठ आणि त्या देठाच्या बगलेत एक डोळा, म्हणून ते एक पान. हा प्रयोग बांधावरच्या पळसावर एकदा करा, आयुष्यभर लक्षात राहतो. मात्र या दिवसांत पळस फुलला की बहुधा निष्पर्ण असतो, तेव्हा पानासाठी शेजारची रोपं शोधा. जमिनीवर पडलेली पानं पुरावा म्हणून धरू नका, ती शेजारच्या झाडाची असू शकतात.

तिसरा : चीक आहे का? पानाचं टोक अगदी थोडं दुमडा. पांढरा चीक, समोरासमोर पानं, पाच पाकळ्यांचं पांढरं सुवासिक फूल, जोडीने काटे एवढं जुळलं तर करवंद. काटे नाहीत, झाड आहे आणि चैत्र जवळ आलाय तर कुड्याचा विचार करा. चीक डोळ्याला लागू देऊ नका, निवडुंगाच्या आणि शेराच्या घराण्यातला चीक डोळ्याला फार घातक असतो.

याशिवाय पानाची कड, खालची लव, चुरगळल्यावरचा वास, देठाची लांबी पाहा. वास लिहिताना ओळखीच्या गोष्टीशी जोडा : कापरासारखा, आंबट कैरीसारखा, हिंगासारखा. वही पुढच्या वर्षी वाचताना "उग्र" या शब्दाचा काही उपयोग होत नाही. विषारी असण्याची शंका असेल तर हात न लावता पुढे जा, आणि चव तर कधीच घेऊ नका.

फूल बाहेरून आत वाचायचं

शाळेत निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग असं पाठ केलेलं असतं. रानात त्याचा खरा उपयोग होतो. झाडाखाली पडलेलं ताजं फूल घ्या, फांदीवरचं नको. तळहातावर ठेवून बाहेरून आत जा आणि मोजत जा. निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरचं वेष्टण, किती, पाकळ्या किती, सुट्या की जोडलेल्या, पुंकेसर किती, बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली.

रंग सगळ्यात शेवटी. रंगाने सुरुवात केलीत की फसलात. फाल्गुनातल्या तीन तांबड्या झाडांचंच पाहा, काटेसावर, पांगारा आणि पळस. दुरून तिन्ही सारखी. जवळ गेलात की काटेसावरीला पाच सारख्या, मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा जाड झुबका. पळस आणि पांगारा वाटाण्याच्या घराण्यातले. वर एक मोठी पाकळी, दोन बाजूंच्या, आणि खालच्या दोन मिळून होडी. काटेसावर आणि पांगारा काटेरी, पळसाला काटे नाहीत. या तीन झाडांवर एक सकाळ घालवलीत तर दोन घराणी कायमची ओळखीची होतात.

रंगीत दिसतं ते सगळं पाकळी नसतं हेही इथेच शिकता येतं. धायटीच्या फांद्या तांबड्या नळ्यांनी लहडलेल्या असतात. ती तांबडी नळी निदलांची आहे, पाकळ्या भिंगातून शोधाव्या लागतील इतक्या लहान. उक्षीला पाकळ्याच नसतात. पाच फिकट हिरवी निदलं पुढे फळाचे पंख होतात आणि फळ भिरभिरत खाली येतं.

वाघाटीचं फूल मात्र मला सगळ्यात आवडतं. काटेरी वेल, चार पाकळ्या, लांब लांब पुंकेसरांचा फुलारा. त्या फुलाऱ्यातून बीजकोश एका लांब दांडीवर पुढे आलेला दिसतो. पुष्कळ फुलांत बीजकोश तळाशी दडलेला असतो. इथे तो दिवा टांगल्यासारखा बाहेर. फूल पांढरं उमलतं आणि शिळं होताना गुलाबी-तांबडं होतं, म्हणून एकाच वेलीवर दोन रंग दिसतात आणि नवखा माणूस दोन जाती लिहून मोकळा होतो.

आता ते निळं फूल. शेंड्यावर तुरा. तुऱ्यात एकमेकांवर चढलेली पानासारखी छदं, फिकट पांढुरकी, आणि त्यांवर गडद हिरव्या शिरांची जाळी. इतकी रेखीव की पुन्हा विसरणं नाही. छदांच्या आतून इंचभर बारीक नळी, टोकाला पाच भाग उघडलेले. नळीच्या तोंडातून बाहेर आलेले पुंकेसर फक्त दोन. ताजं फूल निळं-जांभळं, कालचं तांबूस.

समोरासमोर पानं, तुऱ्यातली ठळक छदं, जोडलेल्या पाकळ्यांची नळी, मोजके पुंकेसर. हे सगळं एकत्र आलं की अबोली-कोरांटी-अडुळशाचं घराणं आठवायचं. रानातल्या निळ्या कोरांटीशी गल्लत होऊ शकते, म्हणून निदलं पाहिली. कोरांटीची दोन निदलं मोठी आणि दोन आत दडलेली लहान असतात. इथे तसं नव्हतं, आणि हिरव्या जाळीची छदंही कोरांटीला नसतात. त्याच रानात अंजनीही निळी फुलते, पण ती फांद्यांना चिकटून झुबक्याने, चार पाकळ्या आणि आठ पुंकेसर. मोजलं की प्रश्न मिटतो.

फोटो काढताना

सहा फोटो पुरतात : पूर्ण झाड आजूबाजूसह, फूल समोरून, फूल बाजूने, फुलाच्या मागची निदलं, पानाच्या दोन्ही बाजू, आणि पान फांदीला जिथे जोडलंय ती जागा. एका फोटोत पट्टी ठेवा. फुलामागे वही धरली की फोकस बसतो. एकट्या फुलाचा सुंदर फोटो ओळखीला सगळ्यात कमी उपयोगी.

आता नाव विचारा

पहिल्यांदा रानात वावरणाऱ्यांना विचारा. मी वाकून पुंकेसर मोजत असताना शिकेकाई गोळा करून परतणारी एक आजी थांबली.

"काय बघायलास रे पोरा, एवढा वाकून?"

"आजी, ह्याचं नाव काय हो?"

"आम्ही रानअबोली म्हणतो बघ. शिमगा सरला की फुलं सरतात. मग बोंडं राहतात. उन्हात तडतड वाजतात."

त्या एका वाक्यात मला नाव मिळालं, हंगाम मिळाला आणि फळ कसं फुटतं तेही कळलं. असं काही मिळालं की शब्दशः लिहून घ्या, सांगणाऱ्याने जसं उच्चारलं तसंच.

पण गावातलं नाव मिळालं म्हणून वही मिटू नका. एकच नाव दोन झाडांना असतं आणि एका झाडाला चार नावं. आपल्या सीमाभागात तर हे रोजचंच. पळस कन्नडमध्ये मुत्तुगा, काटेसावर बूरुगा, ऐन मत्ती, करवंद कवळी. बेळगावच्या बाजारात मराठी बाई ज्याला अबोलीचा गजरा म्हणते त्याला शेजारची कन्नड बाई कनकांबर म्हणते. वहीत दोन्ही लिहा. कोकणी नाव मिळालं तर तिसरंही. गावातल्या दोघांशी दोन भाषांत बोललात तर एकाला आठवत नाही ते दुसऱ्याला आठवतं.

रानअबोलीचं मराठीतलं दुसरं नाव दशमुळी. इथे एक खड्डा आहे, तो सांगायलाच हवा. आयुर्वेदातलं दशमूळ म्हणजे बेल, टेटू, पाडळ, शिवण, रिंगणी, डोरली, गोखरू वगैरे दहा झाडांची मुळं. दशमुळी हे झुडूप त्या दहांत नाही. नाव सारखं म्हणून मुळं उकरून काढ्यात टाकू नका.

म्हणून शेवटी शास्त्रीय नाव लागतं. इथे मोबाईल मदत करतो. प्लँटनेट, आयनॅचरलिस्ट, गुगल लेन्स यांपैकी एकावर फोटो टाका, पण पहिलं उत्तर खरं मानू नका. पहिल्या चार-पाच नावांची यादी करा आणि प्रत्येकाला तुमच्या वहीतले प्रश्न विचारा : पानं समोरासमोर का, पुंकेसर दोन का, आपल्या घाटात सापडतं का, याच महिन्यात फुलतं का. ही ॲप्स बागेतल्या शोभेच्या झाडांकडे झुकतात, कारण जगभर त्यांचेच फोटो जास्त. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि ईफ्लोरा ऑफ इंडिया या ठिकाणी जाणकार माणसं उत्तर देतात. तिथे सहाही फोटो, तालुका आणि तारीख टाका.

जुना ग्रंथ उघडायची भीती वाटत नसेल तर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ आपल्या भागासाठी अजूनही फार मोलाचा आहे, आणि तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका कोल्हापूरला जोडला गेला, पण कुक यांच्या पानांवर हा सगळा पट्टा सलग आहे. झाड कुठे सापडलं हे सांगताना ते "एस. एम. कंट्री", म्हणजे दक्षिण मराठा मुलूख, असं लिहितात आणि पुढे बेळगावचं नाव येतं. खाली देशी नावं दिलेली असतात, त्यांत मराठी पुष्कळ. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी आपल्याच रानातलं झाड कुणी तरी असंच मोजून पाहिलं होतं, हे त्या पानावर वाचताना मला फार आपलेपणा वाटतो.

एक अडचण येईल. जुनी शास्त्रीय नावं बदललेली असतात. दशमुळीचं आजचं नाव एरँथेमम रोझियम. कुक यांच्याकडे ती डेडॅलॅकँथस रोझियस म्हणून आहे. जुनं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर टाकलंत की चालू नाव मिळतं. रोझियम म्हणजे गुलाबी. निळ्या फुलाला गुलाबी नाव पाहून माझा गोंधळ झाला होता, मग वहीत चुरगळलेला तो तांबूस तुकडा आठवला.

खात्री कधी मानायची

किमान तीन वेगवेगळ्या खुणा जुळल्या पाहिजेत, आणि त्यांत एक तरी पानाची, एक फुलाच्या आतली हवी. जुळत नसलेली एक ठळक खूण दहा जुळणाऱ्या खुणांना भारी पडते. पुंकेसर दोनऐवजी चार निघाले तर नाव सोडून द्या, कितीही आवडलेलं असलं तरी. जातीपर्यंत पोचता आलं नाही तर घराण्याचं नाव लिहून थांबा. "अबोलीच्या घराण्यातलं, जात ठरली नाही" ही नोंद प्रामाणिक आहे आणि उपयोगी आहे. ओढून-ताणून लिहिलेलं चुकीचं नाव पुढच्या माणसाला भरकटवतं.

माझ्या वहीतली नोंद नमुन्यादाखल देतो :

"फाल्गुन, सकाळी नऊ. जांबोटी-कणकुंबी रस्ता, ओढ्याची डावी कड, दाट सावली, तांबडी माती. झुडूप साडेतीन फूट. पानं समोरासमोर, साधी, टोक लांबट, चीक नाही. शेंड्यावर तुरा. छदं पांढुरकी, हिरव्या शिरांची जाळी. नळी इंचभर, भाग पाच, पुंकेसर दोन, बाहेर आलेले. ताजं निळं, शिळं तांबूस. आजी : रानअबोली. फळ पाहिलं नाही, परत जाणे."

आमरीसारखं उपटून नेण्याजोगं काही सापडलं तर मात्र जागा उघड करू नका. तालुक्याचं नाव पुरे. फोटोतलं ठिकाण बंद करूनच तो दुसऱ्याला पाठवा. एका हंगामात एका फांदीवरच्या सगळ्या आमरी ओरबाडून नेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि सालीवर फक्त मुळांचे वळ राहिले होते.

"परत जाणे" असं ज्या नोंदीत लिहाल तिथे खरंच जा. ओळख फळाने पक्की होते. चैत्रात मी त्या ओढ्याकडे गेलो तेव्हा पाणी आटलं होतं, तुऱ्यांतली छदं वाळून कागदासारखी झाली होती आणि त्यांच्या आत बोटाच्या पेराहून लहान, खाली निमुळती बोंडं होती. दुपारचं ऊन पानांतून खाली आलं आणि टक् असा आवाज झाला. मग दुसरा. एक बोंड उभं दोन फाकांत उकललं होतं, आत बिया फेकणारे बारीक आकडे दिसत होते. बी माझ्या वहीच्या पानावर येऊन पडली होती.